‘ओरिजिनल आहे का?’ या प्रश्नाचे तुकडे

जुनं चावीचं घड्याळ पहिल्यांदाच हातात आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. ओरिजिनल आहे का? कोणत्या सालचं? किती किमतीचं? सोबत एकच फोटो. त्यात काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, तबकडी अर्धी झाकलेली, घड्याळ तिरकं, आणि खालच्या चादरीवरची फुलं मात्र पाकळ्यांसकट स्पष्ट. जाणकार उलट विचारतो, ‘‘मशीनचा फोटो आहे?’’ तो नसतो, आणि बोलणं तिथेच थंडावतं. विचारणाऱ्याला वाटतं, एवढं कळतं तर सांगायला यांचं काय जातं? सांगणाऱ्याला वाटतं, याला उत्तर नकोच आहे, फक्त होकार हवाय. बहुतेक वेळा दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं.

अडचण अशी की ‘ओरिजिनल आहे का’ हा एक प्रश्न नाहीच. साठ वर्षं वापरलेल्या घड्याळात केस (म्हणजे बाहेरचं कवच), तबकडी, काटे, काच, घुंडी आणि आतलं मशीन या सहा गोष्टी वेगवेगळ्या वेगाने म्हाताऱ्या झालेल्या असतात. काच दोन-चारदा बदललेली असणारच; ॲक्रिलिकची काच ही ओरखडे पडून बदलायचीच वस्तू. चावी द्यायची घुंडी बोटं लागून लागून गुळगुळीत होते, तीही बदलते. चावीची ताकद साठवणारी मेनस्प्रिंग तुटते. या बदलांना कोणी नावं ठेवत नाही. पण तबकडी नव्याने रंगवलेली असेल, किंवा एका मॉडेलच्या केसमध्ये भलत्याच मॉडेलचं मशीन बसवलेलं असेल, तर हिशेबच बदलतो. अशा जोडून उभ्या केलेल्या घड्याळाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात. त्यामुळे फोटो बघताक्षणी ‘हो, शंभर टक्के ओरिजिनल’ म्हणणारा माणूस एकतर घाईत असतो किंवा विकायला बसलेला असतो. कामाचं उत्तर तुकड्यातुकड्यांत येतं: केस मूळची, पण पॉलिश मारून कडा घालवल्यात, मशीन बरोबर, तबकडी रंगवलेली, सेकंदकाटा दुसरीकडून आणलेला.

असं उत्तर हवं असेल तर विचारणाऱ्यालाही थोडं राबावं लागतं. आधी फोटो. फ्लॅश बंद. थेट ऊन नको. खिडकीजवळचा पसरलेला उजेड पुरतो. खाली एकरंगी कागद. काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवा, म्हणजे बारा आणि सहाच्या आसपासची अक्षरं मोकळी राहतात. सहाच्या खाली बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं त्यावरच पुढे खल होणार आहे. मोबाइल अगदी जवळ नेला की तबकडी मधोमध फुगल्यासारखी दिसते आणि रेषा वाकड्या येतात, म्हणून वीतभर लांब धरून झूम करा. काचेत मोबाइलचंच प्रतिबिंब पडत असेल तर काळ्या कागदाला भोक पाडून त्यातून लेन्स रोखायची. एक फोटो नाकासमोर, एक पंचेचाळीस अंशांतून तिरका, दोन्ही बाजूंचे, मागच्या झाकणाचा, पट्टा काढून लगांच्या (केसच्या, पट्टा अडकवायच्या शिंगांच्या) मधल्या जागेचा, आणि मशीनचा. सात-आठ फोटो झाले. एवढे फोटो बघून जाणकाराचा सूरच बदलतो, कारण त्याला आता काहीतरी वाचायला मिळालेलं असतं.

मापंही द्यावीत: घुंडी सोडून केसची रुंदी, लगाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी, दोन लगांमधलं अंतर, जाडी. सगळं मिलिमीटरमध्ये, कॅलिपरने. १९५० आणि ६०च्या दशकांत पुरुषांची घड्याळं ३३ ते ३६ मिलिमीटरची सर्रास असत. आजच्या ४०-४२ला सरावलेल्या डोळ्याला ती बारकी वाटतात आणि ‘हे लेडीज घड्याळ आहे का’ असा प्रश्न येतो. एकदा माप दिलं की तो प्रश्न विचारायचं कारणच राहत नाही.

आता झाकण. नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त नासाडी इथे होते, आणि तीही ‘मशीनचा फोटो टाका’ असं जाणकारांनी सांगितल्यामुळे. तेव्हा हे सांगणाऱ्यांनी पुढचं वाक्यही सांगायला हवं. झाकणाच्या कडेला समान अंतरावर खाचा असतील तर ते आट्यांचं झाकण. ते फिरवून उघडतं. त्यासाठी तीन टोकांचा जॅक्सा पाना असतो, पण तो घसरला की झाकणावर चंद्रकोरीसारखा चरा उमटतो. आधी चिकट रबरी चेंडू दाबून फिरवून बघावा; फार घट्ट नसेल तर तेवढ्यानेच सुटतं. खाचा नसतील, पण कडेला एकाच ठिकाणी नखाएवढी फट किंवा उचललेला ओठ असेल तर ते दाबून बसवलेलं झाकण. त्याला खास सुरी लागते, स्वयंपाकघरातली चालत नाही. तिसरा प्रकार घातक. मागे फट नाही, खाच नाही, सगळं एकसंध. ही एकाच तुकड्याची केस. तिच्यातलं मशीन काच काढून पुढच्या बाजूने बाहेर येतं, आणि घुंडीचा दांडा बरेचदा मध्येच सुटणारा, दोन तुकड्यांचा असतो. अशा केसच्या पाठीवर सुरी घालून घालून पाडलेले खड्डे इतक्या वेळा दिसतात, की ते बघून आधीच्या मालकांची चिकाटी तेवढी कळते. कोणता प्रकार आहे हे ठरत नसेल तर उघडू नये. कारागिराकडे जाऊन समोर उघडून घ्यावं आणि तिथेच फोटो काढावा. दाबाचं झाकण परत बसवणंही सोपं नसतं. अंगठ्याने जोर लावता लावता काच तडकते.

झाकण उघडलं की दोन गोष्टी वाचायच्या. पहिली, झाकणाची आतली बाजू. तिथे केस बनवणाऱ्याचा शिक्का, धातूची माहिती आणि बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत मॉडेलचा नंबर असतो. तिथेच सुईने कोरलेले बारीक आकडे, आद्याक्षरं, तारखा दिसतात. त्या आधीच्या कारागिरांनी सर्व्हिसिंग करून ठेवलेल्या खुणा. त्या दोष नाहीत, पुरावा आहेत: घड्याळ कितीदा उघडलं गेलं याचा हिशेब. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या घड्याळात झाकणाच्या आतून अर्धगोल घासल्याचा पट्टा दिसला तर रोटरचा (आतल्या फिरत्या वजनाचा) आस झिजलाय आणि रोटर झाकणाला घासतोय असं समजावं.

दुसरी गोष्ट मशीनचा नंबर. नवख्याला तो सापडत नाही, कारण तो पुलांवर, म्हणजे मशीनच्या वरच्या पट्ट्यांवर ठळक कोरलेल्या नावाजवळ शोधतो. पुष्कळ स्विस मशीनांवर तो नंबर बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली, मुख्य पाटावर, कडेला असतो. बॅलन्स व्हील हलत असल्यामुळे तो झाकला-उघडला जातो. तिरका उजेड टाकून आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या लूपमधून बघितलं की एक बारीक चिन्ह आणि शेजारी तीन-चार आकडे दिसतात. ते चिन्ह ए. शिल्ड, एफएचएफ, पेसो, ईटीए अशा मशीन बनवणाऱ्याचं असतं. तबकडीवर एक नाव आणि आत दुसऱ्याचं मशीन बघून ‘फसलो’ असा निरोप लगेच येतो. त्यात फसण्यासारखं काही नाही. विसाव्या शतकातल्या बहुतेक स्विस घड्याळ कंपन्या कच्ची मशीनं अशा कारखान्यांकडून घेत आणि स्वतःची घासपूस करून, नाव घालून वापरत. उलट ओमेगा किंवा रोलेक्सच्या घड्याळात मशीनवर कंपनीचं नाव नसेल तर कान टवकारावेत. मशीनचा आकार लिन्यमध्ये सांगतात. एक लिन्य म्हणजे २.२५६ मिलिमीटर. साडेअकरा लिन्यचं मशीन साधारण २६ मिलिमीटरचं. केसमध्ये मशीनभोवती जाड प्लास्टिकचं कडं किंवा कागदाची घडी घालून ते बसवलेलं दिसलं, तर ते मशीन बहुधा या केससाठी जन्मलेलं नाही.

तबकडीवर मात्र थांबायला हवं, कारण घड्याळाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिथे असतो आणि फसवणूकही तिथेच होते. मूळ तबकडीवरची छपाई मऊ पॅडने शाई उचलून केलेली असते. लूपमधून बघितलं तर अक्षरांना किंचित उंची असते, कडा धारदार असतात, बारीक शेपट्या शाबूत असतात. नव्याने रंगवलेल्या तबकडीवर अक्षरं जाड, कडा विरघळल्यासारख्या. एकाच शब्दातली दोन ‘ए’ अक्षरं वेगळी. मिनिटांच्या बारीक रेषा मोजून बघा: बारावरची रेषा बाराच्या खुणेच्या बरोबर मधोमध आहे का? सहावर आहे का? खुणा धातूच्या, वरून बसवलेल्या असतील तर त्यांच्या पायथ्याशी रंगाचा ढीग जमलाय का, हे तिरक्या फोटोत दिसतं. छोट्या सेकंदकाट्याची खोलगट वाटी असेल तर तिची कड तासून काढल्यासारखी स्वच्छ असायला हवी. रंगाचा थर बसला की ती बोथट होते. सहाच्या खालचं ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ पूर्ण गायब असेल, किंवा काचेच्या कड्याखाली अर्धं कापलं गेलं असेल, तर शंका घ्यावी. तबकडी बाहेर काढली तर आणखी एक खूण कधीकधी दिसते: कडेला कानसेने मारलेली बारीक खाच. रंगवताना पुन्हा बारा कुठे येतात हे चुकू नये म्हणून कारागीर ती मारून ठेवत.

यातली कुठलीही एकच खूण पकडून निकाल देऊ नये. कारखान्यातही वाकडी छपाई सुटलेली आहे. दोन-तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मग बोलावं. आणि तुलना करायची तर त्याच मॉडेल नंबरच्या, त्याच काळातल्या निदान पाच-सहा घड्याळांशी. इथे एक सापळा आहे. एखाद्या मॉडेलच्या रंगवलेल्या तबकड्या इतक्या पसरलेल्या असतात की शोधल्यावर त्याच आधी समोर येतात. नवखा माणूस म्हणतो, ‘अशीच दुसरी चार बघितली, म्हणजे ओरिजिनलच.’ चारही एकाच रंगाऱ्याची असतात. म्हणून तुलनेला कंपनीची जुनी कॅटलॉगं, जुन्या जाहिराती, आणि मोठ्या लिलावांत मशीन-केससकट नोंदवलेली घड्याळं जास्त भरवशाची.

सेको (Seiko) या जपानी कंपनीची जुनी घड्याळं शिकायला फार चांगली, कारण त्यांच्यात पुरावे एकमेकांना तपासतात. मागच्या झाकणावर मशीन आणि केसचा जोडनंबर असतो, शिवाय सहा किंवा सात आकड्यांचा क्रमांक. क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला ‘एन’, डिसेंबरला ‘डी’. दशक मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. आता ६१३९ हे मशीन घ्या. १९६९ साली आलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेल्या घड्याळांपैकी, हे एक. १९७०चं दशक संपेपर्यंत बनत राहिलं. क्रमांक ९ने सुरू होत असेल तर १९६९ की १९७९? तबकडी सांगते. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘वॉटर ७० मीटर प्रूफ’ असं छापलेलं, मग ‘प्रूफ’च्या जागी ‘रेझिस्ट’ आलं, आणि पुढे ती ओळच गेली. म्हणजे ४ने सुरू होणाऱ्या, १९७४च्या झाकणावर ‘प्रूफ’वाली तबकडी दिसली तर दोन्ही वस्तू खऱ्या असूनही त्या एका घरातल्या नाहीत. तबकडीच्या खालच्या काठाला बारीक अक्षरांत तिचाही स्वतःचा कोड असतो. तो झाकणावरच्या नंबराशी जुळतो का बघायचं. ही अशी जुळवाजुळव एकदा स्वतः केली की ‘ओरिजिनल’ म्हणजे काय विचारायचं असतं हे आपोआप कळतं.

इतर कंपन्यांत खुणेच्या जागा वेगळ्या. जुन्या ओमेगात अनुक्रमांक मशीनवर आणि मॉडेल नंबर झाकणाच्या आत. जुन्या रोलेक्स ऑयस्टरमध्ये दोन्ही नंबर पट्टा काढल्यावर लगांच्या मधे दिसतात: बाराच्या बाजूला मॉडेल, सहाच्या बाजूला अनुक्रमांक. या नंबरांवरून साल सांगणारे तक्ते मिळतात, पण ते अंदाजी असतात आणि साल एक-दोनने इकडेतिकडे होतं. मशीन कधी बनलं आणि घड्याळ कधी विकलं गेलं यातही अंतर असतं. तेव्हा ‘साल नक्की कोणतं’ यावर हट्ट धरण्यात अर्थ नाही.

अंधारात चमकणाऱ्या खुणांबद्दल मात्र हट्ट धरावा, कारण तिथे तब्येतीचा संबंध येतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत किरणोत्सर्गी रेडियम वापरात होतं; मग ट्रिटियम आलं, आणि १९९०च्या दशकात किरणोत्सर्ग नसलेले ल्युमिनोव्हासारखे पदार्थ. ट्रिटियमच्या तबकडीवर सहाच्या खाली ‘टी’ अक्षर असतं, ‘टी स्विस टी’ किंवा ‘स्विस टी<२५’ अशा रूपात. ट्रिटियमचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) १२.३ वर्षांचं, म्हणजे १९७० सालच्या तबकडीत आज पाच टक्क्यांच्याही आत उरलेलं. रेडियमचं १६०० वर्षांचं. रेडियमची तबकडी आता चमकत नाही ती रेडियम संपलं म्हणून नव्हे. त्याच्या माऱ्याने सोबतचं, प्रत्यक्ष चमकणारं झिंक सल्फाइड जळून गेलं म्हणून. ‘चमकत नाही, म्हणजे काही धोका नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच साफ उलटा. बंद काचेआड ते घड्याळ अधूनमधून मनगटावर बांधणं ही एक गोष्ट, आणि काच काढून सुट्या झालेल्या खुणा टोकदार वस्तूने खरवडणं, फुंकर मारणं ही वेगळी. ती धूळ श्वासातून किंवा बोटांवरून तोंडात जायला नको. अशी घड्याळं डझनभर असतील तर झोपायच्या खोलीतल्या बंद कपाटातही ठेवू नयेत, कारण रेडियममधून रेडॉन वायू निघत राहतो.

खुणा मूळच्या आहेत का हे अतिनील टॉर्चने बघता येतं. पाच सेकंद उजेड मारा आणि अंधारात टॉर्च बंद करा. जुनी ट्रिटियमची खूण क्षणभर उजळून लगेच विझते. नवीन रंग मिनिटन्‌मिनिटं चमकत राहतो. तबकडी विझली आणि काटे चमकत राहिले, तर काटे नंतरचे किंवा नंतर भरलेले. एवढ्या स्वस्त उपकरणाने एवढं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी नाही.

मग ‘चालू स्थितीत आहे’ हे वाक्य. विकणारा हे असं उच्चारतो की जणू सगळे प्रश्न संपले. जुनं घड्याळ चालतंय यावरून एवढंच कळतं की ते चालतंय. तेल वाळलेलं असतानाही घड्याळ वर्षानुवर्षं चालतं, आणि तेच वाईट: कोरडे पिव्हट (चाकांच्या आसांची टोकं) ज्या बारीक दगडांत फिरतात त्यांत घासले जातात, धातूची भुकटी उरल्यासुरल्या तेलात मिसळून त्याचा पॉलिश पेपर होतो. चालत राहिल्यामुळेच ते झिजतं. टाइमग्राफर नावाच्या यंत्रावर घड्याळ ठेवून टिकटिक ऐकवली की तीन आकडे मिळतात. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स व्हील किती अंश झुलतंय, आणि टिक व टक यांच्यातला फरक किती मिलिसेकंद. पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून झोका २७० ते ३०० अंशांचा असेल तर तब्येत उत्तम. २२०च्या खाली गेला तर सर्व्हिसिंग हवं. टिक-टकचा फरक एक मिलिसेकंदाच्या आत असावा. यंत्रात लिफ्ट अँगल नावाची एक सेटिंग असते. ती त्या मशीनप्रमाणे भरली नाही तर झोक्याचा आकडा खोटा येतो. आणि विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत बहुधा सगळ्यात चांगल्या स्थितीतला, सगळ्यात चांगला अर्धा मिनिट असतो. घुंडी खाली करून, आणि चावी दिल्यावर चोवीस तासांनी किती येतं, ते मागावं.

यंत्र नसेल तरी चालतं. पूर्ण चावी द्या, मोबाइलच्या वेळेशी सेकंद लावा, चोवीस तास तबकडी वर करून ठेवा, फरक लिहा. पुन्हा चावी द्या, चोवीस तास घुंडी खाली करून उभं ठेवा. दोन्हींत थोडं कमी-जास्त येणारच. एका स्थितीत बरोबर आणि दुसरीत दोन-तीन मिनिटं मागे, तर कारागिराची पाळी. तासाला पाच-दहा मिनिटं पुढे पळत असेल तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा: हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की ती जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. हेच एखाद्याने फटीतून तेलाचा फवारा मारल्यावरही होतं, आणि ते मात्र चुंबकत्व घालवणाऱ्या डिमॅग्नेटायझरने सुटत नाही. सगळं मशीन उकलून धुवावं लागतं. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल घड्याळाला कधीच नाही. कारागीरसुद्धा एकाच मशीनमध्ये चार ठिकाणी चार वेगळी तेलं आणि ग्रीस वापरतो, तीही सुईच्या टोकावर मावेल एवढी, आणि पॅलेटच्या (टिकटिक करणाऱ्या फाट्याच्या) पिव्हटना मुद्दाम कोरडं ठेवतो.

‘जास्त चावी दिली गेली म्हणून बंद पडलं’ हे तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. चावी पूर्ण बसलेली असणं ही चावीच्या घड्याळाची रोजची अवस्था आहे. पूर्ण चावी असूनही ते चालत नसेल तर ताकद स्प्रिंगमध्ये आहे आणि मळ व वाळलेल्या तेलामुळे पुढे पोचत नाही, एवढंच. ऑटोमॅटिकची गंमत उलटी. त्याची स्प्रिंग पूर्ण भरली की पिंपाच्या, म्हणजे ती ज्या डबीत असते तिच्या भिंतीवरून घसरत राहते, चावीला शेवटच येत नाही, आणि नवखा माणूस ‘अजून भरलं नाही’ म्हणत फिरवत बसतो.

एवढं सगळं विचारल्यावर उत्तरं येतात, आणि ती जुळत नाहीत. कारण उत्तर देणाऱ्यांच्या नजरा वेगळ्या असतात. कारागिराला चालणारं, स्वच्छ, पाणी न शिरणारं घड्याळ द्यायचं असतं. डागाळलेली तबकडी त्याला काम राहिल्यासारखी वाटते, म्हणून तो आपणहून ‘डायल नवीन करून देतो, केसला पॉलिश मारतो’ म्हणतो. संग्राहकाला तोच डाग वयाचा दाखला वाटतो आणि लगांच्या धारदार कडा घासल्या गेल्या की त्याचा जीव कळवळतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. रोज वापरायचं घड्याळ असेल तर कारागिराचं ऐकण्यात काही चूक नाही. ठेवायचं किंवा पुढे विकायचं असेल तर संग्राहकाचं ऐकावं. प्रश्नातच हे सांगितलं तर निम्मा वाद टळतो. तिसरी जात जरा जपून: ‘यात काही दम नाही, पण मला द्या’ म्हणणारी. दम नसलेल्या घड्याळात त्यांना काय दिसलं ते आधी विचारावं. माझ्या मते जाणकार ओळखायची खूण एकच. ‘कशावरून म्हणता?’ असं विचारल्यावर तो चिडत नाही; फोटोतल्या जागेवर बोट ठेवतो. आणि मशीन न बघता मशीनबद्दल बोलत नाही. क्रोनोग्राफमधला दर्दी खिशातल्या घड्याळांबद्दल ‘ते माझं क्षेत्र नाही’ म्हणाला, तर त्याचं क्रोनोग्राफबद्दलचं मत जास्त गंभीरपणे घ्यावं.

किमतीबद्दल थोडक्यात. मागितलेली किंमत म्हणजे किंमत नव्हे; विकलं गेलेल्या, त्याच मॉडेलच्या, तशाच अवस्थेतल्या घड्याळाला काय मिळालं ते बघायचं. त्यातून येणारा सर्व्हिसिंगचा खर्च वजा करायचा, कारण ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ याला पावती नसेल तर ते केलेलं नाही असंच धरायचं. आणि विचारायचं ते घेण्याआधी. घेतल्यानंतर विचारलेल्या प्रश्नाला लोक मायेने उत्तर देतात, खरं देतीलच असं नाही.

घड्याळ कारागिराकडे सोपवताना काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हे लिहून द्यावं: तबकडी धुवायची नाही, रंगवायची नाही, केसला पॉलिश नाही, काटे बदलायचे किंवा त्यांत नवीन रंग भरायचा नाही, आणि मशीनचा कुठलाही भाग बदलण्याआधी फोन करायचा. ‘तबकडी हलक्या हाताने पुसून देतो’ यालाही नाही म्हणावं. जुन्या लाखेखालची छपाई ओल्या कापसावर उतरून येते आणि कंपनीचं नाव गेलेली तबकडी परत मिळते. मशीन उकलून, धुऊन, तेल घालून घ्यावं, मेनस्प्रिंग नवीन घालावी, पाणी अडवणारं कडं बदलावं. तरीही साठ वर्षांच्या केसवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणून ते घालून हात धुवायला जाऊ नये. बदललेले सगळे जुने भाग परत मागावेत. जुनी घुंडी, काच, स्प्रिंग, तुटका दांडासुद्धा. पुढच्या माणसाने ‘ओरिजिनल आहे का’ विचारलं की दाखवायला ते लागतात. पिशवीवर घड्याळाचा नंबर आणि तारीख टाकायची. रेडियमचे काटे निघाले असतील तर त्यांना वेगळी, घट्ट बंद होणारी डबी, आणि वर तसं स्पष्ट लिहून.